लायकी कुणी ठरवायची?

(विहाराच्या वर्धापनदिनी आष्टा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तीस वर्षे धागा जोडणारे कामगार आहोत. शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि याच विहाराच्या पायरीवर बसून. तेव्हा बोलण्यात काही उणंअधिक झालं तर पदरात घ्यावं. समितीने आम्हाला 'कामगार आणि आजचा काळ' असा मोठा विषय दिला आहे. त्यातला एकच धागा आम्ही धरणार आहोत. अंगाने अधू असलेल्या माणसाला काम मिळतं का, मिळालेलं टिकतं का, आणि लोकांसमोर बसायच्या कामाला तो शोभत नाही असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

हा विषय आम्हाला कसा सुचला ते आधी सांगतो. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. जन्मापासून डावा पाय आखूड, कुबडी घेऊन चालतो. बी.कॉम. झालाय, मराठी-इंग्रजी टायपिंग येतं, हिशेबाला पक्का. एका पतसंस्थेत काउंटर क्लार्कची जागा निघाली म्हणून मुलाखतीला गेला. परत आला तो गप्पच. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, व्याजाचा हिशेब तोंडी विचारला, सांगितला. टायपिंग घेतलं, तेबी झालं. मग सायेब म्हणाले, काम चांगलं हाय तुझं, पण काउंटरवर दिवसभर लोकं येत्यात, बरं दिसत न्हाई. आत रेकॉर्डला जागा निघाली की कळवू." कळवलं नाही. चार दिवसांनी त्याची आई दारात आली आणि म्हणाली, "भाऊजी, माझ्या पोराचं चुकलं काय?" आम्ही तिला चहा दिला, पण उत्तर देता आलं नाही. आजचं हे बोलणं म्हणजे त्या माउलीला दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

बंधूंनो, 'बरं दिसत नाही' हे शब्द आपल्या समाजाला नवे आहेत काय? मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांना साचेखात्यात घेत नसत. कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. जास्त पगाराचं काम साच्यावर, आपली माणसं मात्र कमी पगाराच्या खात्यात. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांना रोखठोक विचारला. पलटणीचंही तेच. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, कारण काय तर ही जात लढाऊ नव्हे! तीच माणसं १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा लढलीच की. कामाची परीक्षा न घेता माणसाला नालायक ठरवण्याचा हा जुना रोग आहे. आपण तो भोगलाय. म्हणून तो दुसऱ्याच्या वाट्याला आला तर आपल्याला सगळ्यात आधी ओळखू आला पाहिजे.

आता गिरणीतली गोष्ट सांगतो. रिंगफ्रेम खात्यात एवढा आवाज असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही सगळे हातवारे करून बोलायचो. बोट वर केलं की जॉबरला बोलवा, हात गोल फिरवला की डॉफिंगची वेळ झाली. आमच्या पाळीला जन्मतः बहिरा-मुका असा एक साईडर होता. खात्याच्या आत तो आमच्यापेक्षा सरस, कारण हातवाऱ्यांची भाषा त्याची लहानपणापासूनची. पण पगाराच्या खिडकीशी, दवाखान्यात, बँकेत तो गेला की तिथे 'अपंग'. माणूस तोच, कान तेच. मग अपंगत्व त्याच्या कानात होतं, की त्याच्याशी बोलायची दुसरी रीत माहीत नसलेल्या त्या खिडकीत? याचा विचार आपण करावा.

दुसरी गोष्ट १९९८ सालची. कार्डिंगला आमच्या एका सहकाऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची ताकद ५० टक्के गेली, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०, असा हिशेब. पैसे मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पण गेलं किती याचा तक्ता होता, उरलं किती याचा तक्ता कुणाकडे नव्हता. साहेब म्हणाले, आता तू फ्रेमवर चालत नाहीस, घरी बस. ते एका अर्थी खरं होतं, तीन बोटं गेल्यावर तुटलेला धागा त्या वेगाने जोडता येत नाही. पण गिरणीत काय एकच काम असतं? युनियनतर्फे आम्ही चार वेळा कचेरीत जाऊन बसलो. शेवटी त्याला कोन तपासायला, पॅकिंगला घेतलं. तिथे अडचण एकच, एका हाताने कोन धरून फिरवता येईना. गिरणीच्या सुताराने टेबलाला एक लाकडी खुंटी ठोकून दिली. त्या खुंटीवर कोन बसवायचा, डाव्या हाताने फिरवायचा, डाग बघायचा. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम! त्या खुंटीवर तो माणूस २०१९ साली निवृत्त होईपर्यंत एकवीस वर्षे सन्मानाने जगला. दोन पोरींची लग्नं केली.

त्या खुंटीला कायद्यात 'वाजवी सोय' म्हणतात हे आम्हाला पुष्कळ उशिरा, कायदा वाचल्यावर कळलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी नोकरीत ३ टक्के जागा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आणि ४ टक्के जागा. कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच पगारावर झेपेल ते काम द्यायचं, तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचं. आणि कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, मग ती खासगी का असेना, समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. तरुणांनो, हे कलम पाठ करा.

कोण म्हणतं अधू माणूस लोकांसमोरचं काम करू शकत नाही? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या. केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्यांचा क्रमांक ७७३ वा आला, रेल्वेची लेखा सेवा मिळाली, आणि रेल्वेने पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून नकार दिला. बाई रडत बसल्या नाहीत. पुढच्याच परीक्षेत १२४ वा क्रमांक काढला, आय.ए.एस. झाल्या, आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून खुर्चीवर बसल्या. जी बाई रेल्वेच्या हिशेबाला चालली नाही ती जनतेच्या कारभाराला चालली! आपल्या शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था काढली आणि अनेकांना पायावर उभं केलं. आणि आपल्याच पेठ-सांगली रस्त्याच्या त्या टोकाचे मुरलीकांत पेटकर? १९६५ च्या युद्धात गोळ्या खाल्लेला हा जवान १९७२ साली जर्मनीत पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं आणि अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये. पोहायला ३७ सेकंद लागली, आपल्याला ओळखायला पन्नास वर्षे.

कुणी म्हणेल, भावनेच्या भरात सगळंच मान्य करायचं काय? २०२४ च्या जुलैमध्ये एका बड्या सनदी अधिकाऱ्याने हाच सवाल जाहीर केला होता, की विमान कंपनी अपंग वैमानिक नेमते का, अपंग सर्जनवर भरवसा ठेवाल का? प्रश्नाला आम्ही भीत नाही. आंधळ्या माणसाला एस.टी.चं स्टेअरिंग द्या असं आम्ही म्हणणार नाही. प्रवाशाचा जीव आहे. पण तेलंगणातल्या एस.टी.च्या एका चालकाला रंग ओळखता येत नाहीत म्हणून घरी बसवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की त्याच्यासाठी दुसरं काम शोधणं हे महामंडळाचं कर्तव्य होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या एका मुलाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की बोलण्यातलं अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे एवढ्यावरून डॉक्टरकीचा प्रवेश नाकारता येत नाही, तो शिकू शकतो का हे तपासा. मार्च २०२५ मध्ये तर अंध व्यक्तीला न्यायाधीशपदाचीही दारं उघडी झाली. या साऱ्याचा अर्थ एवढाच की आधी काम काय ते बघा, मग हा माणूस ते करू शकतो का ते बघा, आणि मधे एखादी खुंटी ठोकली तर जमतं का तेही बघा. हे तिन्ही झाल्यावर 'नाही' म्हणा, आम्ही ऐकू. पतसंस्थेने पहिली दोन पावलं टाकली, दोन्हीत पोरगा पास झाला, आणि शेवटी त्याचा पाय मोजला. काउंटरवर तर क्लार्क बसलेलाच असतो!

इथपर्यंत टाळ्या सोप्या आहेत. आता थोडं कडू बोलतो, आणि ते आमच्याबद्दलच आहे. गेल्या बुद्धपौर्णिमेला सूत्रसंचालनासाठी याच पोराचं नाव आलं होतं. तेव्हा आम्हीच बैठकीत म्हणालो, "त्याला तासभर उभं राहायला त्रास होईल, दुसरा कुणीतरी बघा." त्याला विचारलं नाही. मायेने बोललो असं आम्हाला वाटलं. पण पतसंस्थेचे साहेब आणि आम्ही, फरक काय? त्यांनी 'बरं दिसत नाही' म्हटलं, आम्ही 'त्रास होईल' म्हटलं. पोरगं दोन्हीकडे बाहेरच राहिलं.

आणि हा विहार बघा. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच. पलीकडच्या आळीतले एक बांधव अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आहेत. ते दर पौर्णिमेला रस्त्यावर थांबून लाऊडस्पीकरवरून वंदना ऐकतात. ज्यांच्या बापजाद्यांना देवळाबाहेर उभं केलं, त्यांच्याच विहाराबाहेर आपला माणूस उभा आहे. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटांना तीस फूट. समोर वीसेक फूट जागा आहे, मधे सपाट टप्पा घेऊन उतार वळवला तर बसतो. गवंडी आपल्यात आहेत, सेंट्रिंगवाले आपल्यात आहेत. सिमेंटच्या पहिल्या दहा पोत्यांचे पैसे आम्ही आमच्या फंडातून देतो, ही घोषणा इथेच करतो.

दुसरं, त्या पतसंस्थेला आपण पाच जणांनी सहीचा अर्ज द्यायचा, की तुमचं समान संधीचं धोरण आम्हाला दाखवा. भांडायला जायचं नाही, विचारायला जायचं. उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. आणि तिसरं, घरातल्या अधू लेकराला कुणासाठीही आतल्या खोलीत बसवू नका. पाहुणे आले तर पाणी त्याच्या हातून द्या.

एवढं बोलून थांबतो. थांबलंच पाहिजे, कारण आज सूत्रसंचालन तोच पोरगा करतो आहे, खुर्चीवर बसून, आणि 'काका, वेळ संपली' अशी त्याची दुसरी चिठ्ठी आमच्या हातात आली आहे. अध्यक्षांनी दिलेल्या वेळेचा हिशेबसुद्धा त्याचा पक्का आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.