मापाची एकी



१९७२ च्या दुष्काळात आपल्या माणदेशाने खडी फोडली, माती उपसली. रोजगार हमीच्या मातीकामावर मजुरी ठरते ती मापावर. तीच माती खड्ड्यात मोजली तर कमी, ढिगात मोजली तर जास्त भरते. म्हणून मोजण्याची रीत हा पोटाचा प्रश्न आहे.

जगातही हीच अडचण होती. देशोदेशी खर्चाची कलमे निराळी. कोणाचा पूल महाग, हे ताडून पाहता येईना. १९७६ साली खर्चतज्ज्ञांच्या संघटनांनी जागतिक परिषद स्थापिली. पुढे २०१७ साली चाळीसांहून अधिक संस्थांच्या सहकार्याने बांधकामखर्च मांडण्याची समान पद्धती प्रसिद्ध झाली.

तज्ज्ञ सरहद्दी ओलांडून एक होतात. मग मजुराने मापपुस्तकापासून दूर का राहावे? माप त्याच्यासमोर घ्या, आकडे मोठ्याने वाचा. आपले माप ज्याला कळते, त्याला लुबाडणे सोपे नसते.