नाव हरवलेली मोटार



आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती वस्तू आपल्यासमोर या मेजावर ठेवलेली आहे. चारेक किलो वजनाचा हा काळा दंडगोल आहे. त्याच्यावरची नामपट्टी केव्हाच निघून गेली असून तिच्या रिव्हेटांची दोन भोके तेवढी उरली आहेत. मागून सहा तारा बाहेर आलेल्या आहेत. आमच्या कार्यशाळेतील मिलिंग यंत्राचे टेबल हिच्यावाचून चार महिने जागचे हललेले नाही. तेव्हा ही कोण आणि हिच्यात किती जीव उरला आहे, हे ठरवणे भाग आहे.

‘सर्व्हो’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘सेवक’ या अर्थाचा शब्द आहे. वाफेच्या बळावर जहाजाचे सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रणेविषयी फ्रेंच अभियंता फार्को याने 1873 मध्ये पुस्तक लिहिले. त्यात हे नाव येते. आपली मोटार त्याच कुळातली, पण एकदिश विजेवर चालणारी आणि कायम चुंबकाची. 1980च्या दशकात प्रत्यावर्ती विजेच्या सर्व्हो मोटारींनी तिची जागा घेण्यास आरंभ केला. त्यामुळे जुन्या बाजारात अशा निनावी मोटारी पुष्कळ सापडतात.

पहिली परीक्षा बोटांची. शाफ्ट मुळीच फिरत नसेल, तर बेअरिंग जाम झाले असे लगेच मानू नये. आत स्प्रिंगने आवळलेला ब्रेक असू शकतो व तो वीज दिल्यावरच सुटतो. आपला शाफ्ट मोकळा आहे. आता दोन जाड तारांची टोके एकमेकींना जोडून तो फिरवा. काकवीत पळी फिरवावी तसा जड लागतो की नाही? लेन्झने 1834 मध्ये सांगितलेला नियम तो हाच: निर्माण झालेला प्रवाह आपल्या कारणालाच विरोध करतो. म्हणजे ही जोडी आर्मेचरची. बारीक तारांच्या एका जोडीत शाफ्ट फिरवताच थोडा विद्युत् दाब येतो आणि दिशा बदलताच त्याचे चिन्ह बदलते. तो वेग सांगणारा छोटा जनित्र, टॅकोजनित्र. उरलेली जोडी स्वस्थ असते, तिचा रोध जवळजवळ शून्य. मोटार फार तापल्यास उघडणारा तो स्विच होय.

रोध साध्या मीटरने मोजू नये, ब्रशांचा स्पर्श फसवतो. शाफ्ट धरून 2 अँपिअर प्रवाह सोडला, तेव्हा 2.4 व्होल्ट मिळाले. म्हणजे रोध 1.2 ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून हे अनेक जागी पाहावे. एखाद्याच जागी आकडा उसळला, तर तेथील गुंडाळी किंवा दिक्परिवर्तक बिघडला आहे.

यानंतरची चाचणी माझ्या आवडीची. ड्रिल यंत्राने शाफ्ट मिनिटाला 600 फेरे फिरवला, तेव्हा 12.6 व्होल्ट आले. म्हणजे 1000 फेऱ्यांना 21 व्होल्ट. मोटार आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे असल्यामुळे याच आकड्यातून तिचे बळही निघते: 1000 फेऱ्यांमागे येणारे व्होल्ट 0.00955ने गुणावेत. उत्तर येते, दर अँपिअरला 0.2 न्यूटन-मीटर. नामपट्टीने याहून मोलाचे फारसे काही सांगितले नसते.

ती प्रवाहाची मर्यादा मात्र सांगत असे. ती तांब्याला विचारावी. दर अंश सेल्सिअसला तांब्याचा रोध सुमारे 0.39 टक्के वाढतो. 5 अँपिअर प्रवाह सोडून, दिक्परिवर्तक एकाच जागी जळू नये म्हणून शाफ्ट अधूनमधून सरकवीत, तापमान स्थिर होईपर्यंत आम्ही थांबलो. रोध 1.44 ओहम झाला, म्हणजे गुंडाळी 51 अंशांनी तापली. 5 अँपिअर, अर्थात 1 न्यूटन-मीटर, ती निर्धास्तपणे पेलते.

हिची एक जुळी बहीण होती. तिचेही माप 21 व्होल्ट आले होते. एका उत्साही विद्यार्थ्याने कोळशाची भुकटी झाडण्यासाठी रोटर बाहेर ओढला. चुंबक अल्निकोचे होते. रोटर निघताच चुंबकीय मार्ग तुटतो आणि असे चुंबक स्वतःच क्षीण होते. पुन्हा जुळवल्यावर माप 13 व्होल्ट आले. मोटार फिरत होती, पूर्वीपेक्षा वेगानेही. पण तेवढ्याच कामाला दीडपटीहून अधिक प्रवाह मागत होती. मुलाला मी रागावलो नाही. सांगायचे राहिले होते ते माझेच. भुकटी ब्रशांच्या खिडकीतूनच काढावी आणि मग 500 व्होल्टच्या मेगरने निरोधन तपासावे.

आता टॅकोजनित्राच्या दोन तारा राहिल्या. त्या उलट जोडल्या गेल्या, तर वेग वाढत असता नियंत्रकाला तो घटतो आहे असे वाटते. तो आणखी जोर लावतो, आणि टेबल टोकाशी जाऊन आदळते. मध्ये कोणाचा हात असला तर तोही सापडतो. म्हणून उद्या पहिल्यांदा वीज देताना मोटार येथेच, या मेजावर, शिकंज्यात आवळलेली असेल. पट्टा चढवलेला नसेल, प्रवाह 1 अँपिअरवर रोखलेला असेल आणि स्विचपाशी मी स्वतः उभा असेन.