आरोग्याचे ज्ञान आणि वाचनालयाचे कर्तव्य
(बडनेरा येथे वाचनालयाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे सिकलसेल या व्याधीविषयी आणि तिच्या बाबतीत वाचनालयाने काय करावे याविषयी बोलणार आहे. विदर्भात ही व्याधी आदिवासींत आणि अनुसूचित जातींत, म्हणजे आपल्या समाजातही, विशेष आढळते. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच तिच्याविषयी लिहिले होते. पण ते ज्ञान आमच्या वस्तीपर्यंत किती पोहोचले?

मुद्द्याची गोष्ट दोन वाक्यांची आहे. वाहक हा सहसा रोगी नसतो. परंतु आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणजे वारसा दोघांकडून येतो. एवढे न कळल्यामुळे सून पांढऱ्या पायाची ठरते आणि माहेरी धाडली जाते. हा रोगाचा नव्हे, अज्ञानाचा अपराध होय.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. परंतु तपासणीचे कार्ड हाती आले आणि त्याचा अर्थ कळला नाही, तर त्याचा उपयोग काय? कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. मेळघाटातून आलेल्या कोरकू मातेस मराठी पत्रक देणे म्हणजे कोरा कागद देणे होय. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की, पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली रोग्याची संमती ही खरी संमती नव्हे. मी म्हणतो, न समजणाऱ्या भाषेत दिलेली माहिती ही माहितीच नव्हे.

येथे वाचनालयाचे कर्तव्य सुरू होते. १९११ च्या सुमारास सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी फिरत होत्या. आज १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त वाचनालयांना शासकीय अनुदान मिळते. ते केवळ कादंबऱ्यांसाठी आहे काय?

माझ्या सूचना पाच आहेत. मराठी, हिंदी व उर्दू आरोग्यपुस्तिकांचे एक कपाट ठेवावे. आठवड्यातून एकदा त्या मोठ्याने वाचाव्यात. कोरकू बांधवांसाठी त्यांच्यातीलच शिकलेल्या तरुणास बसवावे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल हा रोग दिव्यांगत्वात गणला आहे. त्याच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्यावा. आणि ग्रंथपालाने औषध सांगू नये, सरकारी दवाखान्याची वाट दाखवावी.

एक इशाराही देतो. कोण वाहक आहे याची नोंद वाचनालयाच्या वहीत कदापि होता कामा नये. जातीचा शिक्का पुसू पाहणाऱ्या समाजाने रक्ताचा नवा शिक्का कोणावर मारू नये. ज्ञान सर्वांचे, पण रोग्याचे गुपित त्याचे एकट्याचे, हा नियम पाळून आपण कामास लागावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.