मौनाचा अर्थ
(टेंभुर्णी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी किशोरीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. देशभर क्षोभ उसळला, आणि १९८३ साली कायदा बदलला.

भयाने शरीर गोठते, वाचा बसते. ते मौन म्हणजे संमती नव्हे. हेच मौन कधी आपल्या वर्गातही बसलेले असते. हुशार मुलगी एकाएकी मागे पडते, मुलगा विनाकारण चिडतो, झोप उडते, पोट दुखते, शाळा चुकते. आणि ‘चूक माझीच’ हे शल्य मनात राहते. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप फडावर असतात, तेव्हा मुलाने बोलावे कोणापाशी?

अशा वेळी शिक्षा नको, उलटतपासणी नको. “तुझा दोष नाही,” हे प्रथम सांगावे. नाव गुप्त राखावे, पण गुन्हा दडवू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. १०९८ या दूरध्वनीवर साहाय्य मिळते.

घाव भरण्यास काळ लागतो. परंतु विश्वास ठेवणारे एक वडीलधारे माणूस लाभले, तर मूल सावरू शकते. ते माणूस आपण व्हावे, एवढीच विनंती.