भावाचे अक्षर

आजपासून नावाआधी डॉक्टर लावणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मी तुम्हाला एका डॉक्टरांची ओपीडी दाखवणार आहे. साल ११९९, गाव फुस्तात, म्हणजे आजच्या कैरोचा जुना भाग. डॉक्टरांनी साठी ओलांडली आहे. रोज सकाळी ते सुलतानाच्या वाड्यावर जातात. तिथे कुणाचे दुखत-खुपत असले की सगळा दिवस तिकडेच जातो. नसले तर दुपार उलटल्यावर घरी पोचतात, पोटात अन्नाचा कण नसतो, आणि घराची ओसरी माणसांनी भरलेली असते. ज्यू, मुसलमान, थोर, सामान्य, न्यायाधीश, मित्र आणि शत्रूसुद्धा. डॉक्टर जनावरावरून उतरतात, हात धुतात, आणि सगळ्यांना विनवतात की मला दोन घास खाऊ द्या. चोवीस तासांतले तेवढेच त्यांचे जेवण. मग रात्र पडेपर्यंत, कधी त्यानंतरही दोन तास, पेशंट संपत नाहीत. शेवटी बसवत नाही म्हणून आडवे पडून औषधे सांगतात.

हे वर्णन त्यांनी स्वतः एका पत्रात केले आहे. शमुवेल इब्न तिब्बोन हा त्यांच्या ग्रंथाचा अनुवादक भेटायला यायचे म्हणत होता. ये, पण निवांत बोलायला माझ्याकडे तासभरही नसेल, असे त्याला कळवण्यासाठी हे लिहिले. चाळीस वर्षे ओपीडीत बसल्यावर मी जेव्हा हे पत्र वाचले, तेव्हा ती ओसरी मला माझीच वाटली.

त्या डॉक्टरांचे नाव मोशे बेन मैमोन. जग त्यांना मायमोनिडीस म्हणते, ज्यू लोक आद्याक्षरे जोडून रामबाम म्हणतात. ते मुळात डॉक्टर नव्हेत, रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू होते. जन्म ११३८च्या सुमाराचा, स्पेनमधल्या कोर्दोबाचा, वडील धर्मन्यायाधीश. स्पेनच्या ज्यूंना सेफार्दी म्हणतात, आणि पुढचे बहुतेक आयुष्य परमुलखात काढूनही ते स्वतःला सेफार्दीच म्हणवत. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना कोर्दोबा अल्मोहाद राजवटीच्या हाती गेले. धर्म बदला नाहीतर चालते व्हा, असे दिवस आले. घर सुटले. मग बरीच वर्षे भटकंती, मोरोक्कोतले फेज, समुद्रमार्गे अक्का शहर, अखेर इजिप्त. या वणवणीत त्यांनी मिश्ना या ज्यू धर्मग्रंथावर भाष्य लिहिले. त्याच्या शेवटी ते वाचकाला सांगतात की यातला काही भाग मुक्कामाच्या ठिकाणी आणि काही जहाजावर लिहिला आहे, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

मग हा रब्बी डॉक्टर कसा झाला? इथे मला जरा थांबायचे आहे.

मोशेंना दावीद नावाचा धाकटा भाऊ होता. दावीद रत्ने-मोत्यांचा व्यापार करायचा आणि त्यावर दोन्ही घरे चालायची. मोशेंचे म्हणणे पक्के होते की धर्माचे ज्ञान विकून पोट भरायचे नाही. विद्वानाने हाताने कमवावे, दानावर जगू नये. पण त्यांची स्वतःची बैठक तोवर भावाच्या कमाईवर चालत होती, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

दावीदने तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून थोरल्या भावाला पत्र लिहिले. वाळवंटात काफिल्याची साथ सुटली, तरी आपण सुखरूप पोचलो. तो काफिला मात्र वाटेत लुटला गेला, त्यातले काही दगावले. बंदरात नीळ सोडली तर घेण्याजोगे काही नाही, म्हणून आता समुद्रमार्गे हिंदुस्थानला जायचे ठरवले आहे. काळजी करू नका, ज्याने वाळवंटातून तारले तो समुद्रातही तारेल, आणि घरच्यांना धीर द्या, असा त्याचा सूर आहे. तो यायला निघाला होता आपल्याच किनाऱ्याकडे. जहाज बुडाले. दावीद गेला, त्याच्याजवळचे दोघांचे आणि इतरांचे पैसे गेले, मागे विधवा आणि लहान मुलगी राहिली.

मोशे वर्षभर अंथरुणाला खिळले. आठ वर्षांनंतरही अक्कामधल्या एका स्नेह्याला त्यांनी लिहिले की तो माझ्या मांडीवर वाढला, तो माझा भाऊ आणि माझा शिष्यही होता. तो बाजारात कमवायचा म्हणून मी निर्धास्त बसू शकलो.

वैद्यक त्यांना येत होते. आता त्यावर घर चालवायचे होते. पुढे सलाउद्दीनच्या वजिराने त्यांना पदरी घेतले. दिवसा पेशंट आणि रात्री ग्रंथ. ज्यू कायद्याचा चौदा खंडांचा 'मिश्ने तोरा' त्यांनी दहा वर्षांत पुरा केला. त्यात दानाच्या आठ पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी म्हणजे पडलेल्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे की पुन्हा हात पसरावा लागू नये.

त्याच ग्रंथात विद्यार्थ्यांविषयी आहे. समजले नसताना समजले म्हणू नये, आणि शिक्षकाने कितीही वेळा सांगावे लागले तरी रागावू नये. हे वाचताना मला माझ्या वॉर्डातला एक इंटर्न आठवतो. त्याने एकच शंका तिसऱ्यांदा विचारली म्हणून मी सगळ्यांदेखत त्याचा अपमान केला. पुन्हा त्याने कधी काही विचारले नाही. चूक माझी होती, आणि माफी मागायची राहून गेली. धर्मांतर करून ज्यू झालेल्या ओवद्या नावाच्या माणसाने रामबामना अशाच अपमानाविषयी लिहिले होते. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, असे मी म्हणालो तर गुरूने मला मूर्ख ठरवले. रामबामनी उत्तर दिले की तुझे म्हणणे बरोबर आहे, गुरू चुकला, तू त्याचा शिष्य असलास तरी त्यानेच तुझी क्षमा मागायला हवी. ज्या राजवटीने घर हिसकावले तीही मुसलमानच होती. तरी जे खरे ते खरे.

आपल्या देशाशी त्यांचा आणखी एक धागा आहे. फ्रान्समधल्या विद्वानांना लिहिताना त्यांनी हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला. त्यांना धर्मग्रंथ ठाऊक नाही, ते फक्त शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता पाळतात. कोकणात पूर्वी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या शनिवार तेल्यांची, बेने इस्राएलांची ही खबर असावी, असे काही अभ्यासक मानतात.

रामबाम १२०४ साली गेले. फुस्तातच्या सिनगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, देवाचे नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून शतकानुशतके कागद साठवले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उजेडात आले, त्यात दावीदचे ऐधाबचे पत्र निघाले. आज ते केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. भावाचे अक्षर किंवा त्याचे एखादे पुस्तक दिसले की काळीज हलते, असे मोशेंनी लिहून ठेवले होते. तेच अक्षर आता कुणालाही पाहता येते.