शब्द आणि अधिकार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते आम्हांला इतिहास शिकवीत. "सनावळ्या विसरलात तरी चालेल, कोणी कोणाला कोणता शब्द दिला, हे विसरू नका," असे ते म्हणत. तेच सूत्र धरून, समुद्रापासून इतक्या दूरच्या या पीथमपुरात मी आज एका आरमारी अधिकाऱ्याविषयी बोलणार आहे.

फ्रेडरिक लुईस मेटलंड यांचा जन्म १७७७ साली स्कॉटलंडातील फाइफ परगण्यात झाला. वडील आरमारात, मुलानेही तीच वाट धरली. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धात ते कप्तानपदास पोहोचले. १८१५ च्या जुलैत, वॉटर्लूच्या पराभवानंतर, नेपोलियन रोशफोर येथे आला, तेव्हा 'बेलेरोफॉन' जहाजावरून मेटलंड त्या किनाऱ्याची नाकेबंदी करीत होते. बादशहाचे दूत अटी विचारू लागले. मेटलंड यांनी सांगितले, की अटी देण्याचा अधिकार मला नाही. मी त्यांना इंग्लंडला नेऊ शकतो, पुढचे तेथील सरकार ठरवील. १५ जुलै रोजी नेपोलियन जहाजावर आला. पुढे त्याची रवानगी सेंट हेलेना बेटावर झाली आणि विश्वासघाताचा आरोप उठला. मेटलंड यांनी १८२६ साली त्या प्रसंगाची हकिगत पुस्तकरूपाने छापली.

आता आपल्या अंगणात या. अवघ्या तीन वर्षांनी, जून १८१८ मध्ये, दुसरे बाजीराव पेशवे असीरगडाच्या परिसरात सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. आपल्या शेजारच्या महूची छावणीही याच माल्कम यांच्या काळातली. त्यांनी वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्याचे वचन दिले. गव्हर्नर जनरलला ते फार वाटले, तरी ते पाळले गेले.

एकाने अधिकार नाही म्हणून शब्द दिला नाही. दुसऱ्याने वरिष्ठांची नाराजी पत्करून दिला. दोघेही साम्राज्याचेच चाकर, आणि दोन्ही प्रसंगी राज्य बुडाले ते दुसऱ्याचेच. म्हणून त्यांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु मला मेटलंड यांचे उत्तर अधिक शिकवून जाते. समोरचा माणूस अगतिक असतो, तेव्हा गोड आश्वासन देणे फार सोपे असते.

१८३७ साली मेटलंड पूर्वेकडील आरमाराचे सरसेनापती झाले. त्यांचे ध्वजजहाज 'वेलस्ली' मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेले, तेही १८१५ सालीच पाण्यात उतरलेले. आमच्याच कारागिरांच्या हातच्या त्या जहाजाच्या तोफांनी फेब्रुवारी १८३९ मध्ये कराची घेतली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, मुंबईनजीक समुद्रात, त्याच जहाजावर मेटलंड निवर्तले. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्यांचे स्मारक आहे.

बालमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी येथल्या कारखान्यात अधिकारी होईल, कोणी सरकारी कचेरीत बसेल. तुमच्या टेबलासमोर एखादा कामगार, एखादा शेतकरी आशेने उभा राहील. जे तुमच्या हाती नाही, ते "पाहतो, होईल" म्हणून सांगू नका. आणि जो शब्द द्याल, तो पदरमोड करूनही पाळा. गुरुजींना वाहण्यासारखी याहून मोठी श्रद्धांजली मला दिसत नाही.