घरातलं मोठं माणूस हरवलं तर

कामं आटोपली असतील तर बसा, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आमच्या गटाची बैठक दर मंगळवारी असते. हजेरी, बचत, कर्जाचे हप्ते आणि मग एखादा विषय. गेल्या मंगळवारी विषय काढायला कुणाला धीर होत नव्हता. आमच्यातल्या एका ताईंचे मालक घरातून गेल्याला त्या दिवशी पाच वर्षं झाली होती. शेवटी ताईच म्हणाल्या, "रेडिओवर सांगा. नाव घेऊ नका, पण आपलं काय चुकलं ते सगळं सांगा." म्हणून आज आम्ही बोलतोय.

त्यांच्या मालकांना मनाचा आजार होता. तालुक्याच्या डॉक्टरांची गोळी चालू होती. बरं वाटायला लागलं तशी घरच्यांनी गोळी बंद केली. कार्तिकी तोंडावर आली होती. एका सकाळी "शेताकडं जाऊन येतो" म्हणून ते निघाले. जवळ फोन नाही, खिशात कागद नाही. दुपारची भाकरी झाकून ठेवली ती तशीच राहिली.

संध्याकाळी दीर ठाण्यावर गेले. तिथं कुणीतरी सांगितलं, "मोठं माणूस आहे, येईल. चोवीस तास वाट बघा." दुसऱ्या दिवशी घरातले म्हणाले, गवगवा नको, लेकीच्या सोयरिकीची बोलणी चाललीत. तिसऱ्या दिवशी देवऋषी झाला. त्यानं नारळ फिरवून सांगितलं, पूर्वेला आहे, तीन दिवसांत परत येईल. पाचव्या दिवशी तक्रार लिहिली गेली. पोलिसांनी फोटो मागितला, तर घरात लग्नातला एकच फोटो, फेट्यातला, सतरा वर्षांपूर्वीचा. अंगावर शर्ट कोणता होता, यावर तिघांनी तीन रंग सांगितले.

पुढे एका एसटी कंडक्टरनं सांगितलं, असा माणूस पहिल्याच दुपारी तालुक्याच्या स्टँडवर पंढरपूरच्या गाडीपाशी बसलेला पाहिला होता. पहिल्या दुपारी! स्टँड आमच्या गावापासून बारा किलोमीटर. आम्ही तेव्हा घरात बसून दाराकडं बघत होतो. नंतर पंढरपुरी गेलो, पण कार्तिकीच्या गर्दीत कुणाला काय विचारणार?

ते आजवर सापडलेले नाहीत.

त्यानंतर आमच्या ग्रामसंघानं वकीलबाईंना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावून सगळं नीट समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट. चोवीस तास थांबायचा असा कोणताही कायदा नाही. माणूस हरवल्याची नोंद लगेच करता येते. लहान मूल हरवलं तर अपहरण समजून गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं आहे. मोठ्या माणसाची मात्र 'मिसिंग'ची नोंद होते, आणि मोठं माणूस स्वतःच्या मर्जीनं गेलं असेल असं धरून ती बाजूला पडू शकते. म्हणून तोंडानं ठासून सांगायचं आणि अर्जातही लिहायचं, की आमच्या माणसाला विसरण्याचा आजार आहे, किंवा मनाचा आजार आहे, किंवा फिट येते, आणि त्याची गोळी चुकली तर जिवाला धोका आहे. सोबत डॉक्टरांचा कागद जोडायचा. नोंदीचा नंबर आणि तपास करणाऱ्या पोलिसांचं नाव लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. रात्रीची वेळ असेल तर ११२ नंबर आहेच.

दुसरी गोष्ट. कुठं शोधायचं? वय झाल्यावर आठवण जाते त्याला आपण म्हातारचळ म्हणून हसतो. तो मेंदूचा आजार आहे. असं माणूस बरेचदा जुन्या ओळखीच्या वाटेनं जातं. माहेरच्या वाटेनं, विकलेल्या शेताकडं, नाहीतर जिथं आयुष्यभर काम केलं तिकडं. वाट संपली, कुंपण आडवं आलं, की तिथंच अडकून बसतं. आपण हाक मारली तरी ओ देईलच असं नाही. म्हणून रस्त्यानं हाका मारत फिरून भागत नाही. उसाच्या सऱ्या, ओढा, विहिरीचा काठ, पडकं घर, गोठा असं डोळ्यांनी बघावं लागतं. पाणी असेल ती जागा आधी.

गेल्या श्रावणात हे आमच्या कामी आलं. गटातल्या एकीच्या सासूबाई, वय ऐंशीच्या घरात, दुपारी घरात दिसेनात. सुनेनं अर्ध्या तासात गटाच्या फोनवर निरोप टाकला, सोबत आदल्या महिन्यात काढलेला फोटो. दोघी ठाण्यावर गेल्या, दोघी स्टँडवर. बाकीच्यांनी वाटा वाटून घेतल्या. एकीनं विचारलं, "आजी हल्ली कशाचं नाव काढत होत्या?" सून म्हणाली, "धुणं धुवायला जायचंय म्हणत होत्या." गावात नळ येऊन वीस वर्षं झाली. पण जुन्या पाणवठ्याकडं गेलेल्यांना आजी तिथंच सापडल्या. बाभळीखाली बसलेल्या, पायात काटे मोडलेले. हाक मारली तेव्हा ओ दिली नाही. जवळ जाऊन हात धरला तेव्हा म्हणाल्या, "लई उशीर केलास गं."

तिसरी गोष्ट, आणि ही आम्हाला फार उशिरा उमगली. आपलं हरवलेलं माणूस कुणाच्या तरी गावात असतं. आपल्या स्टँडवर जटा वाढलेलं, फाटक्या कपड्यातलं, स्वतःशी पुटपुटणारं माणूस बसतं, तेही कुणाचं तरी हरवलेलंच असतं. पोरं खडे मारतात, आपण पदर नाकाला लावून पुढं जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात स्पष्ट आहे, की असं भटकणारं, स्वतःची काळजी घेऊ न शकणारं माणूस दिसलं तर पोलिसांनी त्याला संरक्षण द्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. कोठडीत ठेवायचं नाही. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या अशा रुग्णांवर उपचार करते. औषधानं माणूस शुद्धीवर येतं, गावाचं नाव सांगतं, मग संस्था त्याला घरी पोचवते, मग ते घर दुसऱ्या राज्यात का असेना. डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. म्हणजे वर्षं लोटली तरी माणसं घरी पोचतात. हे ऐकल्यापासून आमच्या ताई स्टँडवरच्या प्रत्येक वेड्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला भाकरी देतात. म्हणतात, "माझ्याला कुणी देत असेल."

आणखी एक, मागं राहिलेल्या बाईविषयी. मालक गेल्याला वर्ष झालं तेव्हा भावकीनं ताईंना मंगळसूत्र काढायला सांगितलं. वर शेताच्या कागदावर अंगठा मागायला सुरुवात केली. वकीलबाई म्हणाल्या, कुठंही सही करू नका. ज्यांना माणसाची खबर मिळायला हवी होती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर कायदा ते माणूस हयात नाही असं धरू शकतो. पण तेही आपोआप होत नाही, कोर्टात जावं लागतं. आणि कधीपासून बेपत्ता आहे याचा पुरावा म्हणून ती मिसिंगची नोंदच उपयोगी पडते. म्हणून तो कागद जपा. मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं हे त्या बाईनं ठरवायचं, भावकीनं नाही. आमच्या ताईंनी ठेवलं आहे.

आता आमची एक विनंती. घरात कुणाला विसर पडत असेल, मनाचा आजार असेल, नीट बोलता येत नसेल, तर आजच त्यांचा फोटो काढा. एक चेहऱ्याचा, एक पूर्ण अंगाचा. अंगावरचा तीळ, गोंदण, जुनी जखम वहीत लिहा. आधार नंबर लिहा. फोन नंबर लिहिलेली कापडाची पट्टी सदऱ्याच्या, झंपरच्या आतून शिवा. गोळी मनानं बंद करू नका, औषधाची अडचण असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट सल्ला मिळतो. म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ आहे. आणि माणूस दिसेनासं झालं, तर लोक काय म्हणतील हा विचार उद्यावर टाका. पहिल्या तासात गावाला कळू द्या.

आमच्या गटात आता बचतीच्या वहीसोबत अशी एक वही आहे. तेवीस घरांची माहिती तिच्यात आहे. पहिल्या पानावर ताईंच्या मालकांचा तो फेट्यातला फोटो चिकटवला आहे. सहा महिन्यांतून एकदा आम्ही ठाण्यावर जाऊन विचारतो, काही कळलं का. येत्या महिन्यातही जाणार आहोत.